घरी बांधायच्या रेडिओ-नियंत्रित विमानाचे वजन आधीच कसे काढावे

आराखडा अजून कागदावर असतानाच विमानाचे वजन किती भरेल हे ठाऊक हवे, कारण मोटर कोणती घ्यावी, बॅटरी केवढी लागेल, पंखाचे क्षेत्रफळ पुरेल का आणि उतरताना विमान किती वेगाने येईल, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या एका आकड्यावर अवलंबून असतात. विमान पूर्ण झाल्यावर तराजूवर ठेवले तर आकडा अगदी अचूक मिळतो, पण तेव्हा लाकूड कापून झालेले असते, वरून प्लास्टिकची फिल्म चढलेली असते आणि मोटर विकत घेतलेली असते.

यातले गणित शाळेतलेच आहे: घनफळ काढायचे आणि घनतेने गुणायचे. तरीही अंदाज चुकतात, आणि ते जवळजवळ नेहमी कमी निघतात. माझ्या पहिल्या बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) विमानाचे वजन मी ६२० ग्रॅम धरले होते आणि प्रत्यक्षात ते ७९० ग्रॅम भरले. नंतर वही उघडून पाहिली तेव्हा रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या), स्पार (पंखाचे लांब, तुळईसारखे दांडे) आणि धडाच्या बाजू यांचे आकडे बऱ्यापैकी बरोबर निघाले. सर्व्होच्या (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) वाढीव तारा, बिजागऱ्या, स्क्रू, पुशरॉड (सर्व्हो आणि हलता भाग जोडणारी काडी), गोंद आणि शेवटी तोल साधण्यासाठी नाकात घालावे लागलेले शिसे यांच्यासाठी मात्र वहीत ओळच नव्हती. तेव्हापासून एक गोष्ट मी पक्की धरून आहे. मोजलेल्या भागांतल्या चुका काही वर, काही खाली होतात आणि बेरजेत बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात, पण विसरलेली वस्तू वजन फक्त वाढवते. म्हणून एखाद्या रिबचे वजन दशांश ग्रॅमपर्यंत काढत बसण्यापेक्षा यादीतून काहीही सुटणार नाही याकडे अधिक लक्ष द्यावे.

पहिला, ढोबळ आकडा

यादी करण्यापूर्वी एक ढोबळ आकडा हाताशी असावा, म्हणजे पुढे यादीची बेरीज भलतीच आली तर चूक लगेच ध्यानात येते. त्यासाठी तशाच घडणीचे, वजन माहीत असलेले एखादे विमान घ्यावे. आकार सर्व दिशांनी सारखा वाढवला तर घनफळ, आणि म्हणून वजन, लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १०० सेंमी पंखविस्ताराचे विमान ५०० ग्रॅमचे असेल, तर १२० सेंमीच्या विमानासाठी १.२ चा घन, म्हणजे १.७२८, या संख्येने गुणून ८६४ ग्रॅम मिळतात. प्रत्यक्षात आकडा याहून थोडा कमी येतो, कारण रिसीव्हर (रेडिओचा संदेश घेणारा भाग) आणि सर्व्हो तेच राहतात आणि फळ्यांची जाडीही आपण दर वेळी त्या प्रमाणात वाढवत नाही. तरी सुरुवातीला इतके पुरे.

तराजू आणि वही

दोन तराजू असल्यास उत्तम: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल तराजू मोठ्या भागांसाठी आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा तराजू बारीक वस्तूंसाठी. एकच घ्यायचा असेल तर छोटा घ्यावा. अगदी हलक्या वस्तू एकेक तोलू नयेत. दहा स्क्रू किंवा दहा बिजागऱ्या एकत्र तोलून दहाने भागावे, म्हणजे तराजूची चूकही दहाने भागली जाते.

वहीत प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने ठेवावेत: अंदाजाचे वजन, प्रत्यक्ष तोललेले वजन, गुरुत्वमध्यापासूनचे (विमान ज्या बिंदूवर तोलले जाते तिथपासूनचे) अंतर आणि त्या वजन-अंतराचा गुणाकार. शेवटचे दोन रकाने बरेच जण सोडून देतात, पण वजनाचा सर्वांत महागडा भाग नेमका तिथेच लपलेला असतो. त्याचा हिशेब पुढे येईल.

लाकडाची घनता तोलूनच काढावी

बाल्सा हे एकच लाकूड आहे असे समजणे ही मोठी गल्लत आहे. त्याची घनता साधारण १०० पासून २५० किलो प्रति घनमीटरपर्यंत असू शकते, आणि एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच मापाच्या दोन फळ्यांत दुपटीचा फरक आढळतो. म्हणून पुस्तकातली सरासरी न वापरता प्रत्येक फळी तोलावी. १०० सेंमी लांब, १० सेंमी रुंद आणि ३ मिमी जाड फळीचे घनफळ ३०० घन सेंमी होते. ती ४५ ग्रॅम भरली तर घनता ०.१५ ग्रॅम प्रति घन सेंमी, आणि ६० ग्रॅम भरली तर ०.२०. वजन पेन्सिलीने फळीच्या कोपऱ्यावर लिहून ठेवावे. पुढे निवड करताना हेच कामी येते: जड, कडक फळ्या स्पारसाठी, मध्यम फळ्या धडाच्या बाजूंसाठी आणि सर्वांत हलक्या शेपटीसाठी. फळी मधोमध बोटावर तोलून पाहिली तर तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा जड आहे का तेही कळते. तसे असल्यास शेपटीचे भाग हलक्या टोकातून कापावेत.

इतर सामग्रीत इतका चढउतार नसतो. बर्च प्लायवूडची घनता सुमारे ०.६५ ते ०.७ ग्रॅम प्रति घन सेंमी धरावी, म्हणजे मध्यम बाल्साच्या चौपटीहून अधिक. प्लायचा एखादा अनावश्यक तुकडा किती महाग पडतो ते यावरून दिसते. कार्बन फायबरची नळी सुमारे १.६, तर पोलादी तार ७.८५ भरते. तारेचे वजन तर पाठच असावे: २ मिमी जाडीची तार एका मीटरला सुमारे २५ ग्रॅम, ३ मिमीची ५५ ग्रॅम आणि ४ मिमीची जवळजवळ ९९ ग्रॅम. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होते हे लँडिंग गिअरची (चाकांच्या पायांची) तार निवडताना विसरू नये.

एक पंख, तपशिलाने

उदाहरणासाठी १२० सेंमी विस्ताराचा, २० सेंमी रुंद, आयताकृती पंख घेऊ, ज्याचा छेद सपाट तळाचा आणि १२ टक्के जाडीचा आहे. छेदाची सर्वांत मोठी उंची २.४ सेंमी होते. अशा छेदाचे क्षेत्रफळ रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराच्या साधारण ०.७ पट असते, म्हणजे २० गुणिले २.४ गुणिले ०.७, अंदाजे ३४ चौ. सेंमी. पुढच्या आणि मागच्या कडेची पट्टी व स्पारच्या खाचा वजा केल्यावर एका रिबसाठी ३० चौ. सेंमी उरतात. रिब २ मिमी बाल्साची असेल तर घनफळ ६ घन सेंमी, आणि ०.१५ घनतेने वजन ०.९ ग्रॅम. दर ६ सेंमीला एक अशा २१ रिब लागतात. त्यांचे मिळून १९ ग्रॅम. पंखभर उभ्या राहणाऱ्या एकवीस रिब एका बॅटरीच्या जेमतेम दहाव्या भागाइतक्या भरतात. म्हणूनच रिबमध्ये भोके पाडून वजन कमी करण्याची धडपड मला फारशी सार्थकी लागणारी वाटत नाही. तिसरा हिस्सा लाकूड काढून टाकले तरी हाती सहाच ग्रॅम लागतात.

उरलेले भाग झटपट मोजून होतात. ६ गुणिले ६ मिमीचे दोन स्पार, ०.१८ घनतेच्या कडक लाकडाचे, १६ ग्रॅम होतात. पुढच्या कडेची ८ मिमी चौरस पट्टी १२ ग्रॅम आणि मागच्या कडेची त्रिकोणी पट्टी, तीत एलेरॉनही (विमान कलवणारे हलते पट्टेही) आले, १४ ग्रॅम. पुढच्या भागावर वरून चढवलेले १.५ मिमी जाडीचे आणि ६ सेंमी रुंदीचे आवरण हलक्या लाकडाचे असल्यास १३ ग्रॅम होते, मध्यभागाचे आवरण ५, स्पारमधल्या उभ्या पट्ट्या ३ आणि दोन्ही पंख जोडणारा प्लायचा तुकडा ६. एकूण सांगाडा ८८ ग्रॅमचा.

याच छेदाचा पंख फोमचा करायचा झाल्यास हिशेब आणखी सोपा आहे. ३४ चौ. सेंमी गुणिले १२० सेंमी, म्हणजे सुमारे ४,०८० घन सेंमी. २० किलो प्रति घनमीटर घनतेच्या साध्या थर्माकोलचे त्याचे ८२ ग्रॅम होतात आणि ३० घनतेच्या ईपीपी या लवचीक फोमचे सुमारे १२२. फोमला वरून टेप, फिल्म किंवा कागद आणि आतून कार्बनची नळी लागते, ती वेगळी धरावी. थ्री-डी प्रिंटरने भाग काढणाऱ्यांना स्लायसर (प्रिंटरसाठी भागाचे थर पाडणारे सॉफ्टवेअर) ग्रॅममध्येच आकडा देतो. तिथे एवढे लक्षात ठेवावे की साध्या पीएलए प्लास्टिकची घनता १.२४ असते आणि ०.४५ मिमी जाडीची एकेरी भिंतसुद्धा एका चौरस मीटरला सुमारे ५६० ग्रॅम भरते.

फिल्म, गोंद आणि रंग

इस्त्रीने चढवायची फिल्म चिकटद्रव्यासह साधारण ५० ते ७० ग्रॅम प्रति चौरस मीटर असते. हलक्या जातीच्या फिल्म २० ते ३५ च्या आसपास मिळतात. आपल्याकडच्या गुंडाळीतून २० गुणिले ५० सेंमीचा तुकडा कापावा, पाठीचा कागद काढावा आणि तो तोलावा. तो ६ ग्रॅम भरला तर चौरस मीटरला ६० ग्रॅम. पंखाला वरून आणि खालून मिळून ०.४८ चौरस मीटर फिल्म लागते. वळणे आणि एकावर एक येणाऱ्या कडा यांसाठी दहा टक्के वाढवून ०.५३ धरले की ३२ ग्रॅम होतात. इथे वरची बाजू धरून खालची विसरण्याची चूक हमखास होते.

गोंदाचे वजन कोणी मोजत नाही, आणि ते मोजणे अगदी सोपे आहे. कामाला बसताना बाटली तोलावी, उठताना पुन्हा तोलावी. पुसून टाकलेला भाग वगळता जो फरक आला तो विमानात गेला. पांढऱ्या गोंदातले पाणी उडून जाते आणि वाळल्यावर साधारण निम्मे वजन उरते. इपॉक्सी मात्र जितके ओताल तितके कायमचे राहते, म्हणून ते फायरवॉल (मोटर बसवायची पुढची फळी) आणि लँडिंग गिअरच्या बैठकीपुरतेच ठेवावे. आधी अंदाज करताना लाकडी सांगाड्याच्या सात-आठ टक्के गोंद धरावा. उदाहरणातल्या पंखाला ८ ग्रॅम धरले तर फिल्मसह पंख १२८ ग्रॅमचा झाला.

काचकापड (काचतंतूंचे विणलेले कापड) चढवणाऱ्यांनी कापडाच्या वजनाइतके रेझिन किमान धरावे. ब्रशने लावून जादा रेझिन टिपून न घेतल्यास ते याहून बरेच जास्त होते. रंगासाठी वेगळा आकडा शोधत बसू नये. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठरलेले सर्व हात देऊन, पूर्ण वाळल्यावर वजनातला फरक पाहावा आणि क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढवावा.

धड, शेपटी आणि तयार भाग

धड पेटीसारखे असेल तर चार फळ्यांचा हिशेब करावा. सरासरी ७.५ सेंमी उंचीच्या, ८० सेंमी लांबीच्या, ३ मिमी जाडीच्या दोन बाजू आणि ६ सेंमी रुंदीचे वर-खालचे भाग मिळून सुमारे ६५० घन सेंमी लाकूड, म्हणजे ९७ ग्रॅम. फायरवॉल आणि फॉर्मर (धडातल्या आडव्या चौकटी) यांच्या प्लायचे २५, फिल्मचे १३, गोंदाचे १०; धड १४५ ग्रॅमचे. ५ मिमी हलक्या बाल्साची शेपटी, आडवी आणि उभी मिळून, ४७ ग्रॅम, तिची फिल्म १० आणि गोंद ३, असे ६० ग्रॅम.

विकतच्या भागांचे वजन वेष्टनावर छापलेले असते, पण ते पुष्कळदा तारा आणि कनेक्टर वगळून असते. ‘९ ग्रॅमचा सर्व्हो’ हे तर आता आकाराचे नाव झाले आहे. हॉर्न (सर्व्होवरचा छोटा दांडा), स्क्रू आणि तार धरून तो याहून जास्त भरतो. वस्तू हातात असेल तर तोलावी, नसेल तर जोडण्यांसाठी थोडी वाढ धरून लिहावी. उदाहरणातल्या विमानासाठी मोटर ६० ग्रॅम, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) २८, तीन सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी १८५, रिसीव्हर १२, चार सर्व्हो ३६ आणि प्रोपेलर व त्याचा अडॅप्टर २०, अशी बेरीज ३४१ होते. लँडिंग गिअरची तार २५ आणि चाके २४. पुशरॉड, हॉर्न व बिजागऱ्या २५, वाढीव तारा १५, स्क्रू, वेल्क्रो आणि पंख बांधायचे सामान १५. शेवटच्या ओळीतल्या या ५५ ग्रॅमकडेच सहसा कानाडोळा होतो.

बेरीज आणि हातचे राखणे

सर्व मिळून ७७८ ग्रॅम. आता यात राखीव वजन घालायचे, पण ते सरसकट घालू नये. तोललेल्या वस्तूंवर, म्हणजे इथे ३४१ ग्रॅमचे विकतचे भाग, लँडिंग गिअरची तार आणि चाके मिळून ३९० ग्रॅमवर, राखीव धरण्याचे कारण नाही. नुसत्या हिशेबाने काढलेल्या ३८८ ग्रॅमवर १५ टक्के, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम, धरावेत. अंतिम अंदाज ८३६, सोयीसाठी ८४० ग्रॅम. सुरुवातीच्या ८६४ शी तो जुळतो, तेव्हा मोठी वस्तू सुटलेली नाही असे मानायला हरकत नाही. दोन आकड्यांत पाव हिश्श्याचा फरक आला असता तर यादी पुन्हा वाचावी लागली असती.

पंखाचे क्षेत्रफळ २४ चौ. डेसिमीटर, त्यामुळे पंखभार, म्हणजे क्षेत्रफळामागे पडणारे वजन, ३५ ग्रॅम प्रति चौ. डेसिमीटर होतो. मात्र नुसत्या पंखभारावरून लहान आणि मोठ्या विमानांची तुलना नीट होत नाही, कारण मोठ्या विमानाला जास्त पंखभार सहज पेलतो. त्यासाठी वजनाला क्षेत्रफळाच्या दीड घाताने भागावे: ०.८४ किलो भागिले ०.२४ चा दीड घात, म्हणजे ०.११८, उत्तर ७.१. साधारणपणे ग्लायडर ५ च्या खाली, शिकाऊ विमाने ५ ते ७ च्या दरम्यान आणि चपळ विमाने त्यावर असतात. १० च्या पुढचे विमान नवख्याच्या हाती देऊ नये. आपले विमान शिकाऊ वर्गाच्या वरच्या काठावर आहे, तेव्हा आणखी वजन वाढू देण्यास जागा नाही.

वाढलेल्या वजनाची खरी किंमत उतरताना मोजावी लागते. ८४० ग्रॅमला हे विमान साधारण २५ किमी प्रतितास वेगापर्यंत हवेत तरंगते. त्याखाली पंख उचल सोडतो. हा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ११०० ग्रॅम झाल्यास तो २८ ते २९ किमी होईल. ऐकायला हा फरक किरकोळ आहे, परंतु जमिनीवर आदळताना शोषावी लागणारी ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग या दोन्हींबरोबर वाढते, म्हणजे एकूण वजनाच्या वर्गाप्रमाणे, ती १.७ पट होते. लँडिंग गिअर उखडतो तो या १.७ मुळे.

शक्तीचाही हिशेब याच वेळी करावा. शिकाऊ विमानाला किलोमागे १५० ते २०० वॅट पुरतात; ८४० ग्रॅमला २०० च्या दराने १६८ वॅट, म्हणजे तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर सुमारे १५ अँपिअर. विमान जड झाले की मोटर मोठी लागते, तिला बॅटरी मोठी लागते आणि त्या बॅटरीने विमान पुन्हा जड होते. हे चक्र कागदावर दोन-तीनदा फिरवून स्थिर झालेला आकडा घ्यावा. अनेक देशांत नोंदणीचे नियम २५० ग्रॅमच्या सीमेवर बदलतात. त्या सीमेच्या आत राहायचे असेल तर राखीव धरूनही आकडा २३५ च्या पुढे जाऊ देऊ नये.

वजन कुठे आहे

आता तो चौथा रकाना. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २८ टक्क्यांवर, म्हणजे ५.६ सेंमीवर, हवा असे धरू. शेपटीचे ६० ग्रॅम त्याच्या मागे ५५ सेंमीवर आहेत, गुणाकार ३,३००. केवळ एवढे तोलण्यासाठी १८५ ग्रॅमची बॅटरी गुरुत्वमध्याच्या पुढे जवळजवळ १८ सेंमी न्यावी लागेल. धड आणि पुशरॉडही मागेच झुकतात, त्यांची भरपाई मोटर, प्रोपेलर आणि ईएससी करतात. सर्व ओळींचे गुणाकार पुढचे आणि मागचे असे वेगळे बेरजेस घ्यावेत आणि दोन्ही बाजू समान होईपर्यंत बॅटरीची जागा पुढेमागे करावी. तिला हवी ती जागा धडात मिळतच नसेल, तर अजून वेळ आहे: नाक ३ सेंमीने लांब करणे कागदावर खोडरबराचे काम आहे.

शेपटीत दहा ग्रॅम वाढले तर गुणाकार ५५० ने वाढतो, आणि २२ सेंमी पुढे असलेल्या नाकात त्यासाठी २५ ग्रॅम शिसे घालावे लागते. म्हणजे दहा ग्रॅमच्या चुकीने विमान ३५ ग्रॅमने जड झाले. माझ्या त्या पहिल्या विमानात शेपटीला हौसेने दिलेले रंगाचे जादा हात असेच पुढे शिशाच्या रूपाने अंगावर आले होते. तेव्हा वजन वाचवायचे असेल तर सुरुवात मागून करावी. शेपटीची फळी जाळीदार करावी किंवा हलकी निवडावी, पुशरॉड पोलादी तारेऐवजी बारीक कार्बनचा वापरावा आणि शेपटीला रंग न देता फिल्मच ठेवावी. पंखाच्या मध्यावर वाचवलेला ग्रॅम एकच ग्रॅम असतो; शेपटीच्या टोकावरचा साडेतीन.

बांधताना नोंद

प्रत्येक भाग तयार झाला की फिल्म चढवण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तोलून दुसरा रकाना भरावा आणि अंदाजाचा आकडा खोडून त्या जागी खरा धरून बेरीज नव्याने करावी. पंख १२८ ऐवजी १४५ भरला तर धड अजून जोडायचे असतानाच १७ ग्रॅमची तोंडमिळवणी कुठे करायची ते ठरवता येते. डावा आणि उजवा पंख स्वतंत्रपणे तोलावा. दोन्हींत फरक असल्यास हलक्या टोकाला लहानसे वजन लावून तो फेडावा, नाहीतर विमान हवेत एका बाजूला झुकत राहते.

शेवटी बॅटरी, प्रोपेलर आणि पंख बांधायचे रबरसुद्धा लावून, उडायला तयार अवस्थेत पूर्ण विमान तोलावे. तराजू लहान असेल तर त्यावर उपडे भांडे ठेवून विमान त्यावर टेकवावे आणि भांड्याचे वजन आधीच शून्य करून घ्यावे. आलेला आकडा वहीत अंदाजाच्या शेजारी लिहून, नुसत्या हिशेबाने काढलेल्या भागांचे प्रत्यक्ष वजन आणि अंदाज यांचे गुणोत्तर काढावे. आपला हात गोंदात सैल आहे की लाकूड निवडण्यात, हे त्या गुणोत्तरावरून कळते, आणि पुढच्या विमानासाठी १५ टक्क्यांऐवजी आपले स्वतःचे टक्के धरता येतात. माझे सध्या ११ वर आले आहेत.